दत्तक गावाला कुणी विचारलं का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात ‘सामुदायिक सहभाग प्रकल्प’ आला आणि महाराष्ट्रात प्राध्यापकी करणारे माझे मित्र दोन गटांत विभागले. एका क्रेडिटसाठी सेमिस्टरभरात ३० तास लोकांमध्ये जाऊन काम करायचं. एक गट म्हणतो, सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे. दुसरा म्हणतो, सक्ती केल्याशिवाय मुलं वर्गाबाहेर पडणारच नाहीत.

मी अमेरिकेत, मेरीलँडमध्ये राहते. इथल्या सरकारी शाळेतून बारावी पास व्हायचं तर ७५ तासांची सेवा बंधनकारक आहे, तीही १९९७ च्या तुकडीपासून. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अशाच ६० तासांच्या नियमाविरुद्ध काही पालक-विद्यार्थी कोर्टात गेले. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा हा भंग आहे, असा त्यांचा दावा होता. १९९३ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. कायद्याचा प्रश्न मिटला, पण शेवटच्या वर्षी मिळेल तिथे तास गोळा करत फिरणारी मुलं मी इथेही पाहते.

तरीही इथली एक गोष्ट मला मनापासून पटते. तयारी, कृती आणि चिंतन हे तीन टप्पे इथे ठरलेले आहेत. फूड बँकेत डबे लावायला जाण्याआधी माझ्या मुलीच्या वर्गात आपल्याच भागात लोक उपाशी का राहतात यावर चर्चा झाली. परत आल्यावर तिला त्यावर लिहायचं होतं. तिचे प्रश्न घरी जेवताना सुरू झाले आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण म्हणून ही कल्पना परदेशातून आणायची गरज आहे, असं मुळीच नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांपासून ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर, कॉलेजने कामासाठी निवडलेलं दत्तक गाव, सगळं आपल्याकडे आहे. बाबा आमट्यांची चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, म्हणजे तरुणांचं श्रमदानाचं शिबिर, तर त्याहून दोन वर्षं जुनी.

मग अडतं कुठे? प्रभातफेरी, स्वच्छता, वृक्षारोपण, पथनाट्य हा शिबिराचा कार्यक्रम कॉलेजात ठरतो. गावाच्या वाट्याला येतं ते उद्‌घाटन आणि समारोप. ज्यांच्यासाठी काम करायचं, कामाची सूत्रं त्यांच्याच हाती असावीत, हे सेवेतून शिक्षण या विषयाचे अभ्यासक रॉबर्ट सिग्मन यांनी अमेरिकेत १९७९ मध्येच मांडलं होतं. इथेही ते फारसं पाळलं जात नाही. संस्था तासांच्या फॉर्मवर सही करते आणि विषय संपतो.

सक्तीचा वाद मित्रांनी थोडा बाजूला ठेवावा आणि आधी ग्रामसभेत जावं, असं मला कळकळीने वाटतं. गाव कदाचित म्हणेल, झाडं नकोत, गेल्या वर्षीची जगवायला माणसं द्या. वाणिज्य शाखेच्या मुलांनी निराधार योजनेचे अर्ज भरून द्यावेत, ते मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा. भूगोलाच्या मुलांनी पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पाणीपातळी मोजावी, पुढच्या तुकडीने तीच वही पुढे चालवावी. अशी पाच वर्षांची नोंद असली तर उन्हाळ्यात टँकर मागताना सरपंचाच्या हातात आकडे असतील. प्रकल्पाच्या गुणांपैकी निदान काही गुण गावाने द्यावेत. आणि ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी, कॉलेजच्या कपाटात नको.