एका फ्लॉपीत मावलेली पृथ्वी आणि ‘अडवून ठेवलेल्या’ लँडिंगचा दावा

अंतराळ-सिम्युलेशन गेम खेळणाऱ्यांमध्ये एक दावा कित्येक वर्षे फिरत आहे. ‘एलिट डेंजरस’ या २०१४ सालच्या गेममध्ये दाट वातावरणाच्या, पृथ्वीसारख्या ग्रहांवर कधी उतरता येणार, हा विषय कोणी काढला की तो हमखास पुढे केला जातो. दावा थोडक्यात असा आहे: डेव्हिड ब्रेबेन यांचा १९९३ सालचा ‘फ्रंटियर: एलिट टू’ हा गेम एका फ्लॉपीवर मावत होता आणि त्यात थेट पृथ्वीवर यान उतरवता येत होते. म्हणजे ग्रहावर उतरण्याचे कोडे तेव्हाच सुटले होते. तरीही ब्रेबेन यांच्याच कंपनीने २०१४च्या गेममधून ते मुद्दाम काढून ठेवले, वर्षभराने वेगळे विकले, आणि वातावरण असलेले ग्रह अजूनही तयार करून तिजोरीत दडवले आहेत. याला पुरवणी म्हणून ‘नो मॅन्स स्काय’ या दुसऱ्या अंतराळ-गेमचे उदाहरण जोडले जाते: मूठभर लोकांच्या चमूला जे जमले, ते एवढ्या मोठ्या कंपनीला का जमू नये? कंपनीची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. तिच्यावर ठेवता येतील असे खरे आक्षेप आहेत आणि ते पुढे येतीलच. पण हा दावा त्या खऱ्या आक्षेपांत बसत नाही.

दाव्याची सुरुवात खरी आहे, आणि ती उणी करून सांगण्याचे कारण नाही. ‘फ्रंटियर’ खरोखरच एका फ्लॉपीत मावत होता. ब्रेबेन यांनी तो अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांसाठी असेंब्ली भाषेत लिहिला होता, आणि पीसीवर तो ख्रिस सॉयर यांनी आणला. अंतराळातून निघून, मधे कोठेही पडदा न पडता, ग्रहाच्या जमिनीपर्यंत जाता येत असे, आणि त्या काळी हे पाहणाऱ्याला भूल पडावी असेच होते. मात्र उतरल्यावर समोर काय दिसे, हे दावा करणारे सांगत नाहीत. ३२० बाय २०० पिक्सेलच्या पडद्यावर एका रंगाची सपाट जमीन, क्षितिजाकडे चार-सहा त्रिकोणांचे मिळून झालेले डोंगर, आणि तळाभोवती ठोकळ्यांसारख्या काही इमारती. १९९३च्या यंत्रावर एवढे उभे करणे ही मोठीच कारागिरी होती. पण ‘तेव्हा जमले होते’ असे म्हणताना नेमके काय जमले होते, ते डोळ्यांसमोर आणले पाहिजे.

आता ‘कोडे तेव्हाच सुटले’ या भागाकडे येऊ. सूत्रांवरून ग्रह निर्माण करण्याची युक्ती १९९३चीही नव्हे. १९८४ साली ब्रेबेन आणि इयन बेल यांनी केलेल्या मूळ ‘एलिट’मध्ये प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगा होत्या, आणि तो गेम ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रोवर चालत असे. ग्रहांची यादी साठवायची नाही, एक बीजसंख्या ठेवायची आणि बाकी सारे त्या क्षणी गणिताने काढायचे, हे तत्त्व तेव्हापासून चालत आले आहे. खरी अडचण तपशिलाची आहे. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. दर चौरस मीटरमागे जमिनीची एकच उंची नोंदवायची आणि प्रत्येक नोंदीला फक्त दोन बाइट द्यायचे ठरवले, तरी एका ग्रहाला एक पेटाबाइट, म्हणजे एक टेराबाइटच्या हजार हार्ड डिस्क लागतील. हे साठवणे अशक्य असल्याने सगळे जागच्या जागी काढावे लागते. अंतराळातून हजार किलोमीटरचे विवर दिसले पाहिजे, खाली येताना त्यातल्या कड्यांची ओळ दिसली पाहिजे, आणि चाकांच्या गाडीतून फिरताना गुडघाभर उंचीचा धोंडाही त्याच विवरात, त्याच उतारावर असला पाहिजे. शिवाय हे सगळे सेकंदाच्या तीसाव्या किंवा साठाव्या भागात नव्याने रंगवायचे असते. ‘फ्रंटियर’च्या त्रिकोणी डोंगरांवर यातले बरेचसे ओझे नव्हते.

याचा अनुभव मी स्वतः जवळून घेतला आहे. ग्रहांवर उतरण्याची सोय देणारा ‘एलिट डेंजरस’चा ‘होरायझन्स’ हा विस्तार आल्यावर माझ्या तेव्हाच्या सामान्य ग्राफिक्स कार्डावर मी पहिल्यांदा एका राखाडी चंद्राकडे यान वळवले. कक्षेतून खाली येताना ‘ग्लाइड’चा टप्पा सुरू झाला की यान सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने घसरत जाते. नाकाड ६० अंशांहून अधिक खाली झाले तर तो टप्पाच मोडतो, म्हणून माझे सगळे लक्ष कोनाकडे होते. त्या काही सेकंदांत खालची जमीन आधी मळकट, पुसट दिसत होती. मग ती एकदम दचकल्यासारखी झाली, आणि जिथे डाग होता तिथे दरी उघडली. आणखी क्षणभराने त्या दरीच्या काठावर दगड उगवले. माझे कार्ड धापा टाकत होते आणि गेम अडखळत होता, पण ग्रह किती थरांत शिजवला जातो हे त्या अडखळण्यामुळेच दिसले. चांगल्या कार्डावर हे इतके सरळ होते की कोणाला संशयही येत नाही, आणि ‘यात अवघड काय?’ हा प्रश्न बहुधा तिथूनच निघतो.

अंतराचे गणित याहून चिवट आहे. गेममध्ये एखाद्या वस्तूची जागा बहुतेक वेळा ३२ बिटांच्या दशांश संख्येने नोंदवली जाते, आणि अशा संख्येत साधारण सात अंकांइतकीच अचूकता असते. सूर्य हा आरंभबिंदू मानला आणि जागा मीटरमध्ये मोजली, तर १५ कोटी किलोमीटर दूर असलेल्या पृथ्वीपाशी दोन लगतच्या संख्यांमधले अंतर सुमारे १६ किलोमीटर होते. अशा मापाने यान धावपट्टीवर उतरवायचे म्हणजे ते कित्येक किलोमीटर अलीकडे असणार किंवा पलीकडे. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ खेळलेल्यांना हा दोष ‘क्रेकन’ या समुद्रराक्षसाच्या नावाने ठाऊक आहे. आरंभबिंदूपासून दूर गेलेले यान काही कारण नसताना थरथरू लागे आणि त्याचे तुकडे होत. त्यावर उपाय म्हणून त्या गेमने यान जागीच ठेवून भोवतीचे विश्व सरकवण्याची पद्धत घेतली. ‘स्टार सिटिझन’ने दुसरा मार्ग धरला आणि गेम ज्यावर चालतो ते मूळ क्रायइंजिन हे सॉफ्टवेअरच बदलून ६४ बिटांच्या संख्यांवर नेले. त्या गेमसाठी लोकनिधी गोळा करणे २०१२मध्ये सुरू झाले होते आणि चंद्रांवर मोकळेपणाने उतरण्याची सोय २०१७च्या डिसेंबरात आली. तिथले चंद्रही खऱ्या मापाचे नाहीत, बरेच लहान केलेले आहेत. सुटलेले कोडे पुन्हा सोडवायला पैशांची ददात नसलेल्या चमूला पाच वर्षे लागावीत, हे त्या दाव्यात बसवता येत नाही.

आणखी एक फरक सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ‘फ्रंटियर’मध्ये खेळाडू एकटा असे, त्यामुळे ग्रहापर्यंतचा लांबचा प्रवास कंटाळवाणा झाला की काळच हजारो पटींनी पळवता येई. ज्या विश्वात एकाच वेळी हजारो माणसे आहेत तिथे एकाच्या सोयीसाठी सगळ्यांचे घड्याळ पुढे ढकलता येत नाही. म्हणून ‘एलिट डेंजरस’ला प्रकाशाहून वेगवान ‘सुपरक्रूझ’, त्यातून कक्षेतला प्रवास, त्यातून ग्लाइड आणि शेवटी साधे उड्डाण अशी साखळी बांधावी लागली, आणि तिची प्रत्येक कडी दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावरही जुळावी लागली. दोन वेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स कार्डे असलेल्या दोन संगणकांनी तोच डोंगर अगदी तसाच काढला पाहिजे. नाही तर माझी गाडी माझ्याकडे उतारावर असेल आणि मित्राला ती हवेत तरंगताना दिसेल.

‘मुद्दाम काढून ठेवले’ या आरोपाला सर्वांत ठोस उत्तर मात्र मॅकने दिले आहे. ‘एलिट डेंजरस’ची मॅक आवृत्ती २०१५ साली निघाली होती आणि तिचे पैसे देणारे ग्राहकही होते. ‘होरायझन्स’ १५ डिसेंबर २०१५ रोजी पीसीवर आले, पण मॅकवर ते कधीच आले नाही. कारण ग्रहांची जमीन ग्राफिक्स कार्डावर ‘कॉम्प्युट शेडर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमांनी तयार होत होती, आणि मॅकच्या तेव्हाच्या ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीत त्यांची सोय नव्हती. पुढे २०१८च्या अखेरीस मॅकचा आधारच बंद झाला. लँडिंग मूळ गेममध्ये तयार असून नुसते कुलूप लावून ठेवले असते, तर ते कुलूप मॅकवरही निघाले असते आणि कंपनीला तिथेही पैसे मिळाले असते. तसे झाले नाही, कारण ज्या गेमला कुलूप लावल्याचे सांगितले जाते त्यात ते यंत्र नव्हतेच. जुन्या ३२ बिटी विंडोजवाल्यांनाही ‘होरायझन्स’ मिळाले नाही, ही त्याच गोष्टीची दुसरी खूण आहे.

शिवाय गेमसाठी २०१२च्या नोव्हेंबरपासून लोकनिधी गोळा केला जात होता तेव्हाच, ग्रहांवर उतरणे आणि यानातून बाहेर पडून चालणे या गोष्टी मूळ गेमनंतरच्या विस्तारांत येतील, असे सांगितलेले होते. २०१४च्या डिसेंबरात ज्यांनी गेम घेतला त्यांनी ही टिपणे वाचली नसतील, हे मी मानतो. पण न वाचलेली सूचना आणि लपवलेली गोष्ट यांत फरक करायला हवा.

किमतीची तक्रार मात्र खरी आहे. ‘होरायझन्स’ची किंमत जवळपास नव्या गेमइतकी होती, आणि मूळ गेम आधीच विकत घेतलेल्यांना मिळालेली सवलत १० पौंडांची होती. पुढे ऑक्टोबर २०२०मध्ये हाच विस्तार सगळ्यांना फुकट मिळाला, तेव्हा आधी पैसे मोजलेल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि त्यात नवल नव्हते. याहून मोठा विश्वासभंग २०१४च्या नोव्हेंबरात झाला होता. आश्वासन दिलेला ऑफलाइन गेम, बाजारात येण्याला महिनाभर उरला असताना रद्द केल्याचे तेव्हा जाहीर झाले. त्या निर्णयाबद्दल कंपनीला जाब विचारला जावा, आणि तो विचारला गेलाही. फ्लॉपीची गोष्ट पुढे आली की या लेखी, तारखेनिशी सिद्ध होणाऱ्या तक्रारी मागे पडतात, आणि कंपनीला त्यांतल्या सर्वांत कच्च्या आरोपाचेच उत्तर द्यावे लागते.

‘नो मॅन्स स्काय’च्या उदाहरणावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तो ऑगस्ट २०१६मध्ये, म्हणजे ‘होरायझन्स’नंतर आठ महिन्यांनी आला, ही साधी कालगणनाच दाव्यात उलटी मांडली जाते. तिथले ग्रह खऱ्या ग्रहांच्या मानाने फारच लहान आहेत आणि ते ताऱ्याभोवती फिरत नाहीत. जागच्या जागी असतात. ढग, झाडे आणि प्राणी दाखवता यावेत म्हणून तो गेम बनवणाऱ्या हेलो गेम्सने मापाशी आणि खगोलशास्त्राशी तडजोड केली, आणि त्या गेमच्या स्वभावाला ती शोभतेही. ‘एलिट डेंजरस’ने आकाशगंगा एकास एक मापाने मांडण्याचा हट्ट धरला आणि त्या बदल्यात वातावरण सोडले. हवा नसलेल्या खगोलावर ढग नाहीत, समुद्र नाही, हवेत विखुरणारा प्रकाश नाही, झाडे नाहीत. चांद्रयान-३च्या विक्रमला पॅराशूटचा उपयोग नव्हता आणि केवळ इंजिनांच्या जोरावर उतरावे लागले, ते ज्या प्रकारच्या जगात, तेवढेच जग आधी बांधायला घेतले गेले. तेवढ्यातही खेळाडूला धाक बसावा असे पुष्कळ होते. गेममधल्या आखेनार ३ या ग्रहावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साडेसहा पटींहून जास्त आहे, आणि तिथे बेसावधपणे उतरणाऱ्याचे यान जमिनीवर आपटून फुटते.

राहिला तिजोरीचा मुद्दा. विरळ वातावरणाच्या ग्रहांवर उतरणे आणि पायी फिरणे ‘ऑडिसी’ या विस्ताराने १९ मे २०२१ रोजी आणले. त्यासाठी जमीन घडवण्याची पद्धत बदलली गेली. गेम अनेकांच्या संगणकांवर रखडू लागला, आणि काही दिवसांतच खेळाडूंनी कक्षेतून घेतलेल्या चित्रांवर खुणा करून दाखवले की तोच डोंगर, तीच वळणे, तीच दरी एका ग्रहावर पुन्हा पुन्हा उमटली आहे. ब्रेबेन यांना जाहीर माफी मागावी लागली. मार्च २०२२मध्ये कन्सोलसाठीचे ‘ऑडिसी’ सोडून दिल्याचे जाहीर झाले. विरळ हवेच्या, झाडे नसलेल्या, ओसाड जमिनीचा साचा ज्यांना पहिल्या फटक्यात लपवता आला नाही, त्यांच्याकडे समुद्र, वादळे आणि अब्जावधींच्या वस्तीची शहरे असलेले ग्रह तयार पडले होते, असे मानायला आपल्याला सांगितले जाते. तसे ग्रह खरोखर असते, तर ते बाहेर काढायला त्या मे महिन्याहून अधिक निकडीची वेळ कंपनीवर कोणती यायची होती, याचे उत्तर दावा करणाऱ्यांनी अजून दिलेले नाही.