चेनसॉचा गार्ड काढून शिडीवर चढायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

वळवाचे वारे सुटले की सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरू लागतो. झाड तोडणारे लोक लुटतात, ऑनलाइन चार-पाच हजारांत चेनसॉ (इंजिनावर चालणारी साखळीची करवत) मिळते, शिडी आणि दोर घरात असतोच, तेव्हा झाड स्वतःच पाडा, असा त्याचा मथितार्थ असून खाली एकामागून एक सूचना दिलेल्या आहेत. कराडच्या आमच्या दाजींपर्यंत हा संदेश पोहोचला, घरामागचा वाळलेला आंबा उतरवायचे त्यांनी मनावर घेतले आणि यंत्राची ऑर्डरही दिली. म्हणून त्यातल्या सूचनांचा समाचार घेणे भाग पडले आहे.

सर्वांत घातक सूचना आधी घेतो. ‘पुढच्या हँडलसमोरचा प्लॅस्टिकचा गार्ड काढून टाका, म्हणजे बार अडचणीच्या जागी शिरतो’, असे त्यात लिहिले आहे. हे लिहिणाऱ्याने चेनसॉ कधी उघडून पाहिलेली नाही, असे मी खात्रीने म्हणतो. तो गार्ड म्हणजे चेनच्या ब्रेकचा दांडा आहे. चालू यंत्राच्या बारचे, म्हणजे ज्या लांब पात्याभोवती चेन फिरते त्याचे टोक, विशेषतः त्या टोकाचा वरचा भाग, एखाद्या फांदीला टेकला की चेनचे दात लाकडात अडकतात आणि इंजिनाची सगळी ताकद बारला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या दिशेने फेकते. यालाच किकबॅक म्हणतात. पूर्ण थ्रॉटलवर चेन सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने धावत असते आणि हा झटका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास घडून जातो. तेवढ्या वेळात हात आवरणे कोणाही माणसाला शक्य नाही. यंत्र उसळले की डाव्या हाताचे मनगट त्या गार्डवर आपटते, किंवा झटक्याच्या जोराने गार्ड आपोआप पुढे ढकलला जातो, आणि चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळला जाऊन चेन जागच्या जागी थांबते. गार्ड काढला की तो पट्टा आवळणारे काहीच उरत नाही.

हे माझे मत म्हणून बाजूला सारायचे असेल, तर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचा लाकूडतोडीविषयीचा नियम पाहावा. त्याचा क्रमांक 1910.266 असून तो 1995 पासून लागू आहे. त्यानंतर वापरात आलेल्या प्रत्येक चेनसॉला ब्रेक असलाच पाहिजे आणि किकबॅक रोखणारी कोणतीही रचना काढू किंवा निकामी करू नये, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. तोल जाईल, पाय घट्ट रोवलेले राहणार नाहीत किंवा यंत्रावरची पकड सुटेल अशा स्थितीत चेनसॉ चालवण्यासही त्यात मनाई आहे. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण चेनचा वेग आणि माणसाची मान कराडला आणि तिकडे सारखीच असते.

शिडीची सूचनाही याच नियमाविरुद्ध जाते. ‘शिडी फांदीला टेकवा, एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने यंत्र धरा’, असा सल्ला आहे. चेनसॉ दोन्ही हातांनी, अंगठे हँडलभोवती वळवून धरायची असते. एका हाताने धरलेले यंत्र उसळले तर ब्रेक लागेपर्यंतही ते सावरता येत नाही. शिवाय शिडी ज्या फांदीला टेकवली आहे तिचे पुढचे ओझे तोडले, की ती फांदी हलकी होऊन वर उचलली जाते आणि शिडीचा वरचा टेकूच नाहीसा होतो. तुटलेला भाग खाली येताना झोक्यासारखा फिरून शिडीच्या दांड्यावर आदळतो, हे वेगळेच. म्हणूनच सराईत माणूस शिडीचा उपयोग फार तर वर पोहोचण्यापुरता करतो आणि कापायला सुरुवात करण्यापूर्वी स्वतःला खोडाशी बांधून घेतो.

बांधून घेणे म्हणजे संदेशातला ‘कमरेला नायलॉनचा दोर’ नव्हे. कमरेच्या दोरावर माणूस लटकला तर पोट आणि बरगड्या आवळल्या जाऊन त्याचा श्वास कोंडतो. हार्नेसमध्ये, म्हणजे चढणाऱ्याने अंगात घालायच्या पट्ट्यांच्या साजात, मांड्यांभोवतीही पट्टे असतात, कारण वजन तिथे पेलले जावे लागते. चेनसॉने काम करताना दोन ठिकाणी बांधून घेतात: एक वरच्या मजबूत फांदीवरून आलेला चढण्याचा दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा, आत पोलादी तार असलेला पट्टा. चेन एखाद्या दोराला चुकून लागली तर तो क्षणात तुटतो, आणि अशा वेळी दुसरा बंध माणसाला धरून ठेवतो. माणसाचा दोर आणि ओंडके उतरवण्याचा दोरही वेगवेगळे ठेवतात. 40 सेंटिमीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या पुढे भरतो. तो थोडा जरी मोकळा पडून दोरावर अडला, तरी दोराला बसणारा हिसका त्या वजनाच्या कितीतरी पट असतो. असे हिसके खाल्लेला किंवा वर्षभर अंगणात उन्हात पडलेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणूनच त्याच्यावर जीव टांगू नये. आणि झाड वाळलेले असेल तर अनुभवी माणूसही त्यावर चढायला कचरतो, क्रेन किंवा बकेटची लिफ्ट मागवतो, कारण वाळलेल्या फांदीचा भरवसा धरता येत नाही.

‘मागून एक सरळ काप द्या आणि ट्रॅक्टरने ओढा’ ही सूचनाही तितकीच अविचारी आहे. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घेतात, मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर काप देतात आणि दोहोंच्या मध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी राखतात. झाड पडताना ती पट्टी बिजागरीसारखी वळते आणि बुंध्याला दिशा देते. ती राखलीच नाही तर झाड वाटेल तिकडे जाते. आणि खाच न घेता ट्रॅक्टरचा ताण दिला तर खोड उभे चिरत जाऊन त्याचा मागचा भाग कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकतो. बार कापात अडकू नये आणि झाड मागे झुकू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाचरी ठोकतात, कारण लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात तुटून उडतात. वर उल्लेख केलेल्या नियमात झाडे पाडण्याच्या दोन जागांमध्ये झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सांगितले आहे. ट्रॅक्टर झाडाच्या उंचीपेक्षाही जवळ उभा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बाकीच्या सूचनांना थोडक्यात उत्तर पुरे. हेल्मेट आणि चेनसॉसाठीची खास जाड विजार ‘दिखावा’ नाहीत; त्या विजारीतले लांब धागे चेन लागताच बाहेर ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन थांबवतात. जळालेले इंजिन ऑइल चेनला घालू नये. त्यातले धातूचे कण बार झिजवतात, आणि चेनवरचे तेल परत टाकीत न येता कपड्यांवर आणि मातीत उडते. खुंटाला भोके पाडून मीठ आणि डिझेल ओतल्याने खुंट लवकर कुजत नाही, माती आणि जवळची विहीर मात्र बिघडते.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. झाड तोडून देणारे अनेक जण हार्नेस, हेल्मेट काहीही न घेता, नुसता दोर आणि यंत्र घेऊन येतात आणि तरी पूर्ण पैसे मागतात, ही संदेशातली तक्रार खोटी नाही. मनगटाएवढ्या फांद्या जमिनीवर उभे राहून, लांब दांड्याच्या करवतीने घरच्या माणसाने उतरवायलाही हरकत नाही. पण त्यापुढच्या कामासाठी माणूस निवडताना त्याचे साहित्य आधी पाहावे आणि ते नसेल तर त्याला परत पाठवावे. घरच्या माणसाने त्याची जागा घेण्याने ती उणीव भरून निघत नाही.

शेवटची सूचना म्हणजे ‘स्वतःच्या आवारातल्या झाडाला परवानगी लागत नाही’. सातारा, कराड किंवा सांगली-मिरज-कुपवाड यांसारख्या शहरांच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि खासगी जागेतल्या झाडालाही नगरपरिषदेची किंवा महानगरपालिकेची पूर्वपरवानगी लागते. झाड वाळलेले किंवा धोकादायक असणे हे परवानगी मिळण्याचे कारण आहे; त्यामुळे अर्ज करणे टळत नाही. गावांकडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग यांचा समावेश आहे, म्हणजे ही झाडे तोडायलाही परवानगी लागते. आणि झाडाजवळून विजेची तार जात असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा, आणि तो बंद झाल्याची त्यांच्याच माणसाकडून खात्री होईपर्यंत झाडाला शिडीसुद्धा लावू नये.