भाऊ, ती गोळी डुप्लिकेट होती का?

परवा रात्री मेडिकल बंद करता करता एक काका आले, आधी इनो मागितला, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर हळूच, "भाऊ, मागची ती गोळी डुप्लिकेट होती का?"

गोळी ओरिजिनल होती हो. विचारलं कधी घेतली, तर म्हणे मटण-भाकरी झाल्यावर. आता सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रातलं औषध, लिंगाला ताठरपणा येण्यासाठीची गोळी) जड तेलकट जेवणावर घेतली की उशिरा आणि कमी चढते, आणि नुसतं छताकडे बघत वाट पाहिली तर काहीच होत नाही, इच्छा आणि स्पर्श लागतोच. दोनदा फसली म्हणून सोडायचीही नसते, डॉक्टर सहा-आठ वेळा ट्राय करायला सांगतात.

पण काकांना 15 वर्षांची शुगर. तिथे मामला वेगळा. नसांमधून (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतूंच्या) नायट्रिक ऑक्साईड हा रक्तवाहिन्या सैल करणारा वायू सुटला की त्याचा परिणाम टिकवून धरणं एवढंच ह्या गोळीचं काम, शुगरने किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनने नसाच गेल्या असतील तर ती बिचारी धरणार काय?

मग येतं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन. थेट लिंगात, बाजूने. हे ऐकून काका काउंटरपासून एक पाऊल मागे सरकले 😄 पण सुई इन्सुलिनसारखीच बारीक, आणि नसांची वाट न बघता ते डायरेक्ट रक्तवाहिन्या सैल करतं. बरं हे काही नवीन फॅड नाही, गोळी बाजारात आली 1998 ला आणि 1983 मध्येच ब्रिंडली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लास वेगासच्या कॉन्फरन्समध्ये स्वतःलाच असं एक इंजेक्शन टोचून भर सभेत पँट खाली करून रिझल्ट दाखवला होता! एका औषधाने भागलं नाही तर पापाव्हेरिन, फेंटोलामिन मिसळून ट्रायमिक्स देतात. फक्त पहिला डोस यूरॉलॉजिस्टसमोरच, आणि चार तासांत ताठरपणा उतरला नाही तर लाजत घरी बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची, नाहीतर कायमचं नुकसान.

माझं डोकं फिरतं ते एसटी स्टँडच्या मुतारीतल्या 'हमखास पॉवर'वाल्या जाहिराती बघून. देशी म्हणून विकलेल्या असल्या चूर्णांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडलंय, आणि सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावरची नायट्रेट गोळी) चालू असलेल्या हार्ट पेशंटने ते खाल्लं तर बीपी धाडकन खाली, जीवावरच बेततं. त्यापेक्षा सकाळचं टेस्टोस्टेरॉन, शुगर आणि हार्ट तपासून घ्या ना, लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयातल्यांपेक्षा बारीक, म्हणून ब्लॉकेजचा त्रास कधीकधी आधी इथेच दिसतो.

जाताना काका म्हणाले, "डॉक्टरकडे हिलापण नेऊ का?" म्हटलं न्या की. ह्या सगळ्या गडबडीत इनोचे पैसे द्यायचे राहिले.