बाग्बोलेची आरागिरणी आणि मेंढ्याचा बांबू

गडचिरोलीत लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरहून अधिक वनजमीन वळती करायला २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. लाखाहून जास्त झाडं जाणार हे कळलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. वडशाच्या आतेभावाने थेट मलाच विचारलं, "ताई, तू स्वीडनमध्ये राहतेस. तिथे झाडं तोडूनच जंगल वाढलं म्हणतात. मग आपल्याकडेच एवढी ओरड कशाला?"

उत्तर लिहायला घेतलं, ते चार ओळींत मावेना.

त्याचं म्हणणं खोटं नाही. स्वीडनची दोन तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. १९२३ पासून इथे देशभरातल्या जंगलाची पद्धतशीर मोजणी होते आणि तेव्हापासून उभ्या लाकडाचा साठा जवळजवळ दुप्पट झाला आहे, तोही दरवर्षी प्रचंड तोड होत असताना. पण हे आपोआप झालेलं नाही. मी राहते त्या उमेओ शहराबाहेर, नदीकाठी, बाग्बोले नावाची जागा आहे. आज तिथे झाडांची बाग आहे, सुट्टीच्या दिवशी लोक फिरायला येतात. एकोणिसाव्या शतकात तिथे मोठी आरागिरणी होती. सरकारी जंगलातलं लाकूड तिथे चोरून कापलं जातं, हे प्रकरण इतकं गाजलं की बेकायदा जंगलतोडीला स्वीडिश भाषेत 'बाग्बोलेरी' हाच शब्द रूढ झाला. उत्तरेतल्या शेतकऱ्यांकडून कंपन्यांनी जंगलं कवडीमोलाने घेतली, तोडीचे हक्क वर्षानुवर्षांसाठी लिहून घेतले. आपल्या भागाचा इतिहास ऐकलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

त्या लुटीनंतर दोन कायदे आले. १९०३ च्या कायद्याने तोडलेल्या जागी जंगल पुन्हा उभं करणं बंधनकारक केलं. १९०६ च्या कायद्याने उत्तरेत कंपन्यांना शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घ्यायला मनाई केली. आतेभाऊ सांगतो तो पहिल्या कायद्याचा परिणाम. दुसऱ्या कायद्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. आजही इथलं जवळपास निम्मं जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं आहे. माझ्या एका सहकारिणीकडे आजोबांकडून आलेलं जंगल आहे. तोड करायची तर तिला सहा आठवडे आधी वनखात्याला कळवावं लागतं, नंतर रोपं लावावी लागतात. पण झाड तिचं, लाकडाचा पैसा तिचा, आणि रोप मेलं तर नुकसानही तिचंच. इथल्या थंडीत झाड कापणीला यायला ऐंशी-शंभर वर्षं लागतात, म्हणजे ती लावते ते नातवंडांसाठी. उद्या हे जंगल आपल्याकडून कुणी काढून घेईल अशी धास्ती असती, तर तिने ते लावलं असतं का?

आता गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडे वळते. बाबा त्या तालुक्यात शिक्षक होते. तेंदूच्या हंगामात माझ्या वर्गातल्या मुली पहाटे आईबरोबर जंगलात जायच्या आणि दुपारी अंगणात पुडे बांधत बसायच्या. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मोजून द्यायचा आणि ठेकेदाराचा माणूस म्हणेल ते ऐकून घ्यायचं. बांबूची गोष्ट याहून वाईट. बांबू हे खरं तर गवत, पण १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाडांत बसवलं. जंगलातला बांबू कागद गिरणीला करारावर जात असे आणि त्याच जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाने काठी तोडली तर तो गुन्हा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं, म्हणजे गावकऱ्यांनी गोळा करून विकावं असं जंगलाचं उत्पन्न. धानोऱ्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला. हक्क कागदावर आला तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना, आणि परवान्याशिवाय तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येत नाही, म्हणजे विकता येत नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पुस्तकासाठी दोन वर्षं आणि दोन सरकारं लागली! माझ्या सहकारिणीला हे सांगितलं तेव्हा तिला ते दोनदा समजावून सांगावं लागलं.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदार पैसे बुडवतात, हिशेबावरून गावात भांडणं होतात, हेही खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे ग्रामसभेला खेळतं भांडवल आणि हिशेबनीस देणं. हक्क परत घेणं नव्हे.

स्वीडनची नक्कल करा, असं मात्र मी म्हणणार नाही. इथलं बरंच जंगल म्हणजे एका वयाच्या, एका जातीच्या झाडांच्या रांगा आहेत. जानेवारी २००५ च्या वादळात दक्षिणेत एका रात्रीत सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं, त्यात स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या लागवडी मोठ्या प्रमाणात होत्या. जुनं जंगल साफ झालं की दगडफुलासारखी जी वाढ रेनडिअर हिवाळ्यात खातात तीही जाते, आणि सामी, म्हणजे उत्तरेतले मूळ रहिवासी, पशुपालक अडचणीत येतात. गिर्यास या सामी गावाने आपल्या भागात शिकार-मासेमारीचे परवाने कोण देणार यासाठी २००९ मध्ये सरकारविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो जानेवारी २०२० मध्ये. ज्या वर्षी मेंढ्याला हक्काचा कागद मिळाला त्याच वर्षी हा दावा सुरू झाला, हे वाचलं तेव्हा मला आत कुठेतरी हललं.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. इथे जो तोडतो त्याला त्याच जमिनीवर पुन्हा लावावं लागतं. खाणीत गेलेली जमीन तशी परत येत नाही. आपल्याकडे गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातलं जंगल तोडायचं आणि भरपाईची रोपं भलत्याच गावाच्या जमिनीवर लावायची, अशी सोय आहे. या भरपाईच्या निधीतून २०१९ मध्ये राज्यांना ४७,००० कोटींहून अधिक रुपये दिले गेले. ते खर्च करतं वनखातं. ज्या बाईचा मोह आणि तेंदू गेला, तिचं नाव त्या हिशेबात कुठेच येत नाही. २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकाने वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली होती. २०२२ च्या नियमांनी ती अट केंद्राच्या मंजुरीच्या टप्प्यावरून काढून राज्यांकडे ढकलली. ती आधीच्या जागी परत आणा, आणि भरपाईचा पैसा ज्या गावाचं जंगल जातं त्याच्या ग्रामसभेच्या खात्यात जमा करा, गावाच्या सहीशिवाय निघणार नाही अशा अटीवर. एवढं झालं की मग झाडं किती तोडायची यावर आपण दोघं बोलू.