कॉम्प्युटर ‘आपोआप’ शिकतो म्हणे!

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘अमेरिकेत २०१० साली एका कॉम्प्युटरला इंटरनेट वाचायला बसवलं. त्याला कुणी शिकवत नाही. दहा ठिकाणी सापडेल तेच तो खरं धरतो, म्हणून चुकत नाही. सगळं ज्ञान नेटवर आहे, आता मुलांना क्लास कशाला?’

कॉम्प्युटरची गोष्ट खरी आहे. त्या प्रणालीचं नाव नेल. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ती जानेवारी २०१० मध्ये सुरू केली. पुढचं मात्र तपासून घ्यावं लागतं.

कुणी शिकवत नाही? शहर, खेळाडू, कंपनी असे शेकडो प्रकार आणि त्यांच्यातली नाती माणसांनीच आखून दिली होती, वर प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणंही. त्यावरून वाक्यांचे साचे ओळखायचे आणि त्या साच्यांतून नवी नावं वेचायची, हे नेलने स्वतः केलं. ही करामत मोठीच. पण सहा महिने मोकळं सोडल्यावर सुमारे पाव प्रकारांत आणि नात्यांत त्याची अचूकता घसरलेली दिसली. मग संशोधक दर पंधरवड्याला एकेका प्रकारावर पाचेक मिनिटं घालवून ढोबळ चुका काढू लागले. आजच्या चॅटबॉटची घडण वेगळी, तरी त्यांनाही माणसांच्या पसंती-नापसंतीने वळण लावावं लागतंच.

चुकत नाही? नेलने ब्राउझरमधल्या ‘इंटरनेट कुकीज’, म्हणजे वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या छोट्या नोंदी, बिस्किटं समजून बेकरीच्या मालात टाकल्या. पुढे त्याने वाचलं की लोक कुकीज डिलीट करतात आणि फायलीही डिलीट करतात. झालं, फायलीही भट्टीतून निघाल्या! हसू येतं, पण यातली गोम अशी की पहिली चूकच दुसरीचा पुरावा बनली. त्या ऑक्टोबरपर्यंत जमलेल्या माहितीचे ३,९०,००० तुकडे सुमारे ८७ टक्के अचूक होते. उरलेले १३ टक्के म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास चुका.

आता ‘दहा ठिकाणी’. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवतात, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. असा एखादा विक्रेता आपल्या पानावर ‘अस्सल सोलापुरी’ लिहितो, बाकीचे तेच उचलतात. यंत्राला दहा साक्षीदार दिसतात, साक्ष मात्र एकाचीच. ती दहांनी स्वतंत्रपणे दिली की एकमेकांची नक्कल केली, हे नुसतं मोजून कळत नाही.

सगळं ज्ञान नेटवर? नेल मुख्यतः इंग्रजी पानं वाचायचा. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मागावरचं काम बाप लेकाला तेलुगूत समजावतो, ते कुणी कुठे लिहून ठेवलंय?

राहिला क्लासचा प्रश्न. क्लासवाल्यांशी माझं भांडण आहे, पण ते फीवरून.