मार्शमॅलो-नूगटच्या वड्या: निपाणीच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

ओव्हनशिवाय होणाऱ्या मार्शमॅलो-नूगटच्या वड्यांच्या माझ्या कृतीवर आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आधी आभार मानते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगते. आपण ऐन पावसात मुलांच्या डब्यासाठी या वड्या केल्यात. त्या इतक्या कडक झाल्या की सुरी चालेना आणि शेवटी बत्त्याने फोडाव्या लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच तुकडे एकमेकांना चिकटून बसले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जैन आहारनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या आपल्या सासूबाईंनी त्यातला एक तुकडा खाल्ला आणि नंतर मुलीने रिकाम्या पाकिटावरचा तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी चिन्ह, आपल्याला दाखवला. याला नूगट (फेटलेल्या बलकात पाक धरून केलेली सुकामेव्याची मिठाई) म्हणणे चुकीचे आहे, आणि गोकाकचा करदंट (डिंक, गूळ आणि सुकामेव्याची मिठाई) हाताशी असताना हा परका पदार्थ हवाच कशाला, असेही आपण विचारले आहे.

सासूबाईंच्या बाबतीत जे घडले त्याबद्दल मी आपली आणि त्यांची मनापासून क्षमा मागते. मार्शमॅलो म्हणजे साखर आणि ग्लुकोजच्या पाकात जिलेटिन मिसळून, ते फेटून, त्यात हवा कोंडून केलेला पदार्थ असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. हे मला ठाऊक होते. तरीही साहित्याच्या यादीत मी ‘मार्शमॅलो, 200 ग्रॅम’ एवढेच लिहिले. आपल्या भागात, मग ते बेळगाव असो, निपाणी असो की चिकोडी-सदलगा, जैन आणि लिंगायत घरांतून माझी पाने वाचली जातात, हे माहीत असताना ती ओळ तशीच सोडणे ही साधी नजरचूक म्हणता येणार नाही. आता मूळ कृतीच्या अगदी पहिल्या ओळीत, साहित्याच्याही आधी, मार्शमॅलोत जिलेटिन असते ही सूचना घातली आहे.

इतर वाचकांसाठीही येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पाकिटावरचे मांसाहारी चिन्ह पूर्वी चौकोनातला तपकिरी गोल असे, आणि शाकाहारी हिरव्या गोलाशी त्याची सहज गल्लत होई. 2020 च्या लेबलविषयक नियमांत गोलाच्या जागी त्रिकोण आला, त्यामुळे आता आकारावरूनही ओळख पटते. परंतु केक-साहित्याच्या दुकानांत मार्शमॅलो पुष्कळदा मोठ्या पोत्यातून काढून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळतात, आणि त्या पिशवीवर कोणतेच चिन्ह नसते. अशी पिशवी शाकाहारी घरात घेऊ नये. दुकानदार तोंडी काही म्हणाला तरी मूळ पाकीट पाहण्याचा आग्रह धरावा.

आता कडक होण्याविषयी. कडकपणा आणि चिकटपणा या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून आपण लिहिल्या आहेत, परंतु त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते माझ्या कृतीतल्या ‘मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटे ढवळावे’ या वाक्यात आहे. मार्शमॅलोमध्ये पाण्याचे प्रमाण साधारण 15 ते 18 टक्के असते, म्हणजे 200 ग्रॅममध्ये फार तर 30 ते 36 ग्रॅम. वडी मऊ राहते ती एवढ्याशा पाण्यावर. आच मोठी ठेवली आणि वितळल्यानंतरही ढवळत राहिलो, की हे पाणी वाफ होऊन निघून जाते आणि उरलेली साखर पुढच्या पाकात जाते. चिक्की करणाऱ्या कोणत्याही बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: गोळीबंद पाक पाण्यात टाकला तर बोटांनी वळता येतो, आणि तोच आणखी दोन-तीन मिनिटे चुलीवर राहिला तर थेंब काचेसारखा तुटतो. आपण माझे शब्द प्रामाणिकपणे पाळलेत, आणि आपल्या पातेल्यात मार्शमॅलोची चिक्की झाली. मी स्वतः करते तेव्हा जाड बुडाची कढई घेते आणि मार्शमॅलो घातल्याबरोबर सवयीने आच अगदी बारीक करते. लिहिताना मात्र ती सवय कागदावर उतरली नाही.

पाणी गेलेली साखर हवेतून ते परत ओढून घेऊ पाहते. म्हणून पावसाळ्यात कडक पाकाची चिक्की उघडी राहिली तर आधी वरून पाझरते आणि मग एकमेकींना धरून बसते. निपाणीपेक्षाही खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला हा त्रास जास्त होईल, कारण तिकडे जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल असते. आपले तुकडे आतून कडक आणि वरून चिकट झाले ते त्यामुळेच. पाणी आतच राखले असते तर दोन्ही तक्रारी बहुतांशी टळल्या असत्या.

आपल्या प्रतिक्रियेनंतर मी ही कृती तीन वेळा, तीही पावसातच, पुन्हा करून पाहिली. सुधारलेली रीत अशी आहे. 50 ग्रॅम बिनमिठाचे बटर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर विरघळवावे आणि त्यात 200 ग्रॅम मार्शमॅलो घालावेत. घड्याळ पाहण्याऐवजी मिश्रणाकडे पाहावे: शेवटची गुठळी दिसेनाशी झाली, की त्या क्षणी कढई खाली उतरवावी. बुडबुडे येऊ लागले तर आच मोठी आहे असे समजावे. माझ्याकडे याला तीन ते चार मिनिटे लागतात, आठ-दहा कधीच नाहीत. ज्यांना आचेचा भरवसा वाटत नाही त्यांनी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर स्टीलचे भांडे ठेवून त्यात हे करावे, कारण वाफेवरचे भांडे पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे तापत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी 100 अंशांना न उकळता 97-98 अंश सेल्सिअसलाच उकळते, ही गोष्ट या कामी आपल्या सोयीचीच आहे. वाफेवर वेळ दुपटीहून जास्त लागतो, परंतु बिघडण्याची भीती जवळजवळ राहत नाही.

कढई उतरवल्यावर 50 ग्रॅम साधी, बिनसाखरेची दूध भुकटी चाळून घालावी आणि पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत हलवावे. नंतर हाताने मोडलेली 200 ग्रॅम मारी बिस्किटे, 100 ग्रॅम भाजलेले काजू किंवा सोललेले शेंगदाणे आणि मूठभर काळे बेदाणे घालावेत. काजू चंदगडकडचे, साधे तुकडा काजू असले तरी चालतात. वडीत अख्ख्या काजूची शोभा दिसतच नाही. येथे एक गोष्ट मी पूर्वी लिहिली नव्हती आणि ती फार महत्त्वाची आहे: काजू आणि बिस्किटे घालण्यापूर्वी दुसऱ्या कढईत कोमट करून घ्यावीत. थंड काजू गरम मिश्रणात पडले की भोवतालचा भाग लगेच आळतो, मिश्रण कालवता येत नाही, आणि मग ते सैल करण्यासाठी आपण कढई पुन्हा चुलीवर ठेवतो. पाणी उडण्याची दुसरी वाट तीच. हे सारे आठ इंची चौकोनी डब्यात बटर पेपरवर ओतून, वर दुसरा कागद ठेवून वाटीच्या बुडाने हलके दाबावे. जोर लावून दाबले तर आतली उरलीसुरली हवा जाते आणि वडी दडस होते. दीड तासाने, खोलीच्या तापमानालाच, सुरीला तुपाचा हात लावून वड्या कापाव्यात आणि प्रत्येक वडी कोरड्या दूध भुकटीत घोळवावी, म्हणजे वरची ओल भुकटी शोषून घेते. फ्रिजमध्ये उघड्या ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरते आणि तेथून चिकटपणा सुरू होतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवल्यास पावसातही चार-पाच दिवस चांगल्या राहतात.

घरचे लोणी चालेल का, असेही आपण ओझरते विचारले आहे. त्यात पाणी आणि ताकाचा अंश किती उरला आहे हे प्रत्येक घरी वेगळे असते, म्हणून पहिल्यांदा करताना ते वापरू नये असे मला वाटते.

नावाविषयीचा आपला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. फ्रान्समधल्या माँतेलिमारचा नूगट मध, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि बदाम यांचा असतो. इटलीतल्या क्रेमोनाचा तोर्रोने आणि इराणमधल्या इस्फहानचा गझ हे त्याचेच भाऊबंद. त्या सर्वांत गरम पाक फेटलेल्या बलकात धरला जातो आणि बलकातली हवा त्याला हलकेपणा देते. माझ्या वडीत ते काम मार्शमॅलोमधले जिलेटिन करते, म्हणजे पाक करण्याची आणि फेटण्याची मेहनत कारखान्यात आधीच होऊन गेलेली असते. तैवान आणि चीनकडे मार्शमॅलो, दूध भुकटी, बटर आणि बिस्किटांच्या अशा वड्या खूप लोकप्रिय आहेत, आणि नूगट हे नाव त्यांनाही सर्रास लावले जाते. मी ते तिथूनच उचलले. तरीही माँतेलिमारचा नूगट खाल्लेल्या माणसाची या नावाने फसगत होईल, हे आपले म्हणणे खरे आहे, म्हणून शीर्षकात आता ‘नूगटच्या धर्तीवर’ असे लिहिले आहे. ‘ओव्हनशिवाय’ हा शब्दही काढला आहे, कारण मूळ नूगटही भट्टीत भाजत नाहीत, तो चुलीवरच होतो, आणि त्या शब्दाने मी एक नसलेली सवलत जाहीर करत होते.

आपल्या घरासाठी मात्र यातला कोणताच मार्ग सरळ नाही. एकात जिलेटिन आहे, दुसऱ्यात अंडे आणि मध, आणि जैन आहारात मधही वर्ज्य आहे. हिरव्या चिन्हाचे मार्शमॅलो मिळतात. त्यांत जिलेटिनऐवजी चायना ग्रास किंवा कॅराजिनन असते, आणि ती दोन्ही समुद्री शेवाळापासून येतात. ते आणून मी ही वडी करून पाहिली. जिलेटिन सुमारे 35 अंशांलाच विरघळू लागते, तर चायना ग्रासला साधारण 85 अंश लागतात, त्यामुळे हे मार्शमॅलो कढईत बराच वेळ गोळा होऊन बसतात. त्यांत दोन चमचे दूध घालून, वाफेवरच, धीराने हलवावे लागले. वडी चवीला चांगली झाली, पण तिला तार नाही; ती चावताना ताणली न जाता तुटते. शाकाहारी मार्शमॅलोने हुबेहूब तीच वडी होते असे मी लिहिणार नाही.

त्यापेक्षा मला दुसरी वाट अधिक पसंत पडली. 150 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि पाव वाटी पाणी यांचा घट्ट गोळीबंद पाक करावा. थर्मामीटर असल्यास 118 अंशांच्या आसपास थांबावे. पाक उतरवून त्यात 50 ग्रॅम बटर आणि 80 ग्रॅम दूध भुकटी चांगली घोटावी, आणि मग वरीलप्रमाणेच कोमट काजू-बिस्किटे घालावीत. लिक्विड ग्लुकोज केक-साहित्याच्या दुकानात मिळते, आणि ते वगळू नये, कारण त्याच्यामुळेच साखरेचे पुन्हा दाणे धरत नाहीत. ही वडी मार्शमॅलोसारखी हलकी होत नाही, परंतु चिवट, दुधाळ आणि दाताला हवी तशी होते. यातले साहित्य सासूबाईंच्या नियमांत बसते की नाही, हे कृपया त्यांनाच विचारावे; चातुर्मासात कोण काय सोडते हे मी ठरवू शकत नाही.

राहिला करदंट. तो मलाही अत्यंत प्रिय आहे. कन्नडमध्ये ‘करिद अंटु’ म्हणजे तळलेला डिंक, आणि गूळ, सुके खोबरे, खारीक, सुकामेवा यांना बांधून ठेवणारा तो डिंक त्याला नावही देतो. पण मुलीने डब्यात काहीतरी पांढरे आणि मऊ मागितले, म्हणून आपण ही वडी करायला घेतलीत, असे आपणच लिहिले आहे. करदंटाने ती मागणी पुरी होत नाही, आणि या वडीने करदंटाची जागा जात नाही. आपल्याकडे बेळगावचा कुंडा (दुधाची मिठाई) आणि गोकाकचा करदंट एकाच पंक्तीत वाढला तरी कुणी त्यांतला एक मागे घ्यायला सांगत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की, उरलेल्या अर्ध्या डब्याचे काय करावे. कडक झालेली वडी पुन्हा गरम करून मऊ होत नाही, तो प्रयत्न करू नये. ती खलबत्त्यात जाडसर कुटून आइस्क्रीमवर चांगली लागते. आपल्या स्वयंपाकघरात ती आता नको असेल, आणि ते मी पूर्णपणे समजू शकते, तर ज्या शेजाऱ्यांकडे हे चालते त्यांना, आत जिलेटिन आहे हे स्पष्ट सांगून, द्यावी. दुधाच्या वडीचा पाक जमला की नाही ते मात्र अवश्य कळवावे. निपाणीत पाऊस असताना तो किती अंशांवर उतरवलात ते लिहिलेत तर मी ते मूळ कृतीत घालीन.