धरणाचं पाणी आणि दर्या एक नव्हे

लेख आवडला, पण 'धरणावरचे तरंगते सौर पॅनल आता समुद्रावरही नेता येतील' हे वाक्य फार सहज लिहिलंय. ओंकारेश्वरला नर्मदेच्या जलाशयावर पॅनल तरंगतात, तिथं भरती-ओहोटी नाही, खार नाही. लेखात सिंगापूरचं उदाहरण दिलंय. २०२१ मधला तो ५ मेगावॅटचा प्रकल्प, १३ हजारांवर पॅनल, खऱ्या अर्थानं समुद्रातला, मान्य. पण तो सिंगापूर आणि मलेशिया यांच्यामधल्या जोहोरच्या सामुद्रधुनीत आहे, दोन्हीकडे जमीन. उघड्या समुद्राची लाट तिथं पोचत नाही.

आणि लाटा सोडा, नुसता वारा काय करतो बघा. जपानमध्ये यामाकुरा धरणावरचा १३.७ मेगावॅटचा प्रकल्प सप्टेंबर २०१९ च्या फॅक्साय वादळात उखडला. पॅनल एकावर एक चढले आणि चक्क आग लागली. पाण्यावर आग! तेही धरणात.

आमच्या घरची होडी होती, म्हणून सांगतो. खाऱ्या पाण्यात काही महिने ठेवलेल्या कुठल्याही वस्तूला खालून शेवाळ आणि शिंपल्या धरतात, वजन वाढतं, दोर कुजतात, नटबोल्ट गंजतात. तरंगत्या पॅनलच्या ड्रमांना हे चुकणार आहे का? वर मीठ साचणार, पक्षी बसणार ते वेगळंच. डच सोलरडक कंपनीनं पॅनल त्रिकोणी सांगाड्यावर, लाटेच्या वर उचलून धरलेत. कल्पना पटते, पण एवढा सांगाडा म्हणजे खर्च आलाच.

कोकणात करायचंच तर आधी खाडीत करा. फक्त मासेमारीच्या होड्यांची वाट सोडून.